धनेशाची भिंत आणि सात इंग्रजी क्रियापदे

विषय : नदीकाठच्या बेहड्यावरील ढोलीच्या भिंतीस पडलेले भोक लिंपण्याबाबत.

संदर्भ : अर्जदार धनेश यांचा तोंडी अर्ज, त्यानंतरचा लेखी अर्ज, व त्यानंतरचे सर्व अर्ज.

बालमित्रांनो, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, एका जंगलात एक धनेश राहत होता.

धनेश हा पक्षी तुम्ही पाहिला नसेल, तर एवढेच लक्षात ठेवा की तो घरी पोहोचण्याच्या थोडे आधी त्याची चोच पोहोचते. या चोचीवर आणखी एक चोचीसारखे शिंग असते. ते कशासाठी आहे हे त्यालाही ठाऊक नाही, पण त्यामुळे तो फार विचारी दिसतो.

धनेशांमध्ये एक जुनी चाल आहे. विणीचा हंगाम आला की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते. नवरा चिखल आणून देतो. चोचीपुरती एक फट तेवढी ठेवतात. मग ती आत अंडी घालते, अंगावरची पिसे गाळते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. नवऱ्याने फळे आणायची आणि फटीतून भरवायची. पिसे गळलेली असल्यामुळे त्या दिवसांत मादीला उडता येत नाही. म्हणजे ती भिंत हेच तिचे दार, तेच कुलूप आणि तोच पहारेकरी.

तर एका सकाळी असे झाले की, एका वानराची उडी चुकली. फांदी त्याच्या हातात आली, पण टाच नेमकी धनेशाच्या भिंतीवर बसली. भिंतीला लहान कवठाएवढे भोक पडले. वानर "माफ करा हं" म्हणाला आणि पुढच्या झाडावर गेला. त्याचा या गोष्टीशी आणखी काही संबंध नाही.

"अहो," आतून धनेशीण म्हणाली, "बघत काय बसलात? चिखल आणा."

"आणतो."

"आणतो म्हणत बसू नका, निघा. वारा सरळ आत येतोय. कडेचं अंडं गार पडतंय. आणि ती घोरपड मघाशी खाली उभी राहून वर बघून गेली."

धनेश उडाला. नदी समोरच होती. काठावर चिखलही होता. पण धनेश नदीवर गेला नाही. तो कचेरीत गेला.

का गेला, ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

धनेशिणीने भिंत लिंपून घेतली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या जंगलातला कोल्हा नदीपलीकडे एका परिषदेला जाऊन आला. जाताना तो साधा कोल्हा होता. येताना त्याने सात इंग्रजी क्रियापदे आणली आणि तो कोल्हेसाहेब झाला.

कोल्हेसाहेब सिंहासमोर उभे राहिले.

"महाराज, आपल्या जंगलात एखादी वस्तू मोडली, तर लोक काय करतात?"

"नीट करतात," सिंह म्हणाला.

"कशी?"

"लिंपतात. सांधतात. शाकारतात. ठिगळ लावतात. डागडुजी करतात."

डागडुजी हा शब्द ऐकून कोल्हेसाहेबांनी डोळे मिटले. कुणीतरी शेपटीवर पाय द्यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"महाराज, मोठ्या राज्यांत कुणी डागडुजी करत नाही. तिथे रिपेअर होतं. रिप्लेस होतं. रिन्यू होतं, रिस्टोअर होतं, रिनोव्हेट होतं. फारच मोठं राज्य असेल, तर रिहॅबिलिटेट आणि रिडेव्हलपसुद्धा होतं."

"सगळ्यांची सुरुवात सारखीच आहे," सिंह म्हणाला.

"शिस्त, महाराज."

सिंहाला शिस्त आवडत असे. त्याने पहिला मान म्हणून स्वतःची गुहाच रिनोव्हेट करायला दिली. गुहेचे छत पाडून झाले. मग असे लक्षात आले की छत पाडणे त्या क्रियापदात बसते, पण छत घालणे बसते की नाही याबद्दल कोल्हेसाहेबांना परिषदेत विचारायचे राहून गेले होते. तेव्हापासून सिंह जांभळाच्या झाडाखाली बसू लागला. कुणी विचारले, तर म्हणे, "काम चालू आहे."

पुढे फर्मान निघाले. लिंपणे, सांधणे वगैरे जुने शब्द रद्द झाले. एकेका क्रियापदाला एकेक दालन मिळाले. चिखल, गवत, डिंक, काटक्या हा सगळा दुरुस्तीचा माल सरकारजमा झाला. ज्याला हवा त्याने आधी क्रियापद मंजूर करून घ्यावे, असे ठरले. चिखलावर पहाऱ्याला रानडुक्कर नेमला. तो दिवसभर चिखलात लोळून पहारा देई.

आता रानडुक्कर दुपारी घोरत असे. त्याच्या नाकाखालून चिखल उचलणारे पक्षी त्या जंगलात पुष्कळ होते. पण आपला धनेश त्यांतला नव्हता. त्याच्या घराण्यात कुणी नियम मोडलेला नव्हता, आणि हे तो पाहुण्यांना पहिल्या भेटीतच सांगत असे.

कचेरीच्या खिडकीत साळिंदर कारकून बसला होता. त्याच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या होत्या, म्हणून त्याला ही जागा मिळाली. लिहिता येते का, हे कुणी विचारले नव्हते.

"नमस्कार," धनेश म्हणाला. "ढोलीची भिंत लिंपायची आहे. चोचभर चिखल पाहिजे."

"हळू बोला, धनेशराव," साळिंदराने मागे वळून पाहिले. "तो शब्द बंद झालाय."

"मग काय म्हणू?"

"ते आम्ही सांगायचं नसतं. क्रियापद अर्जदाराने निवडायचं. ते चुकीचं आहे एवढं सांगायला आम्ही आहोत."

धनेशाने विचार केला. "रिपेअर," तो म्हणाला.

"भिंत उभी आहे की पडली?"

"उभी आहे. भोक पडलंय."

"भोक हा भिंतीचा भाग आहे का?"

"नाही. तिथे भिंत नाहीच."

"मग जे नाहीच ते रिपेअर कसं करणार? रिपेअर असलेल्या वस्तूचं होतं. तुमची जेवढी भिंत आहे तेवढी धडधाकट आहे."

हे धनेशाला पटले. कचेरीत सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याला पटत असे.

"मग रिन्यू?"

"करू की. आधीची मंजुरी जोडा, ती रिन्यू होईल."

"आधी मंजुरी लागत नव्हती."

"म्हणजे भिंत विनामंजुरी आहे?"

धनेशाची चोच उघडी ती उघडीच राहिली. साळिंदर तसा मनाने वाईट नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "हे मी ऐकलं नाही. पुढचं बोला."

"रिस्टोअर. म्हणजे पूर्वी होती तशी करायची."

"पूर्वी म्हणजे केव्हा?"

"काल."

"कालला कुणी पूर्वी म्हणतं का, धनेशराव? त्याच्याही आधी काय होतं?"

"त्याच्याही आधी ढोली उघडीच होती."

"मग ठरलं तर. सगळी भिंत काढू आणि ढोली मूळची होती तशी उघडी करून देऊ. हे काम आमच्याकडे लवकर होतं."

"नको, नको!" धनेश म्हणाला आणि चोचीने अर्ज मागे ओढला. एवढ्यात खिडकी बंद झाली.

घरी जाताना त्याने वाटेत थोडी फळे तोडली. उशीर झाला होता, म्हणून थोडीच.

"चिखल?" फटीतून आवाज आला.

"क्रियापद ठरतंय."

"काय ठरतंय?"

धनेशाने सगळे समजावून सांगितले.

"माझ्या आईच्या भिंतीला भोक पडलं होतं," धनेशीण म्हणाली, "तेव्हा बाबा नुसते गेले आणि चिखल घेऊन आले."

"तो काळ वेगळा होता."

"भोक असंच होतं."

"अगं, उद्या सगळेच असे चिखल आणायला लागले तर?"

"तर सगळ्यांची भोकं बुजतील. आणखी काय?"

धनेश चोच पंखात घालून विचारी दिसत राहिला.

"बरं, ते राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "कचेरीत जाणारच असाल तर येताना उंबरं आणा. पिकून फुटायला आलेली, चिकट, भरपूर बियांची."

"पण तुला तर कडक आवडतात."

"आता चिकट आवडतात. आणि झाडाच्या सालीचा भुसा आणा चोचभर."

"साल? खायला?"

"चिखल आणायला तुम्हाला कायदा आडवा येतो. सालीवर अजून फर्मान नाही ना?"

धनेशाने आठवून पाहिले. साल यादीत नव्हती. बायकोला डोहाळे लागले असावेत, असे समजून त्याने दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वाटेवरून उंबरे आणि साल आणून दिली. पुढेही तो आणत राहिला. फटीतून त्याला आतले काही दिसत नसे. भोकाकडे त्याने पाहिलेही नाही, कारण त्याच्या डोक्यात चौथे क्रियापद होते.

या खेपेला त्याची गाठ थेट कोल्हेसाहेबांशी पडली. साहेब वारुळावर बसले होते. मागे ऊन लागलेल्या खडकावर कुणीतरी पसरले होते, पण धनेशाचे तिकडे लक्ष गेले नाही.

"तुमची चूक कुठे होते सांगू?" साहेब म्हणाले. "तुम्ही भोकाचा विचार करता. माणसाने, आपलं, पक्ष्याने भिंतीचा विचार करावा. रिप्लेस! जुनी भिंत काढायची, नवी घालायची. भोक राहतंच कुठे?"

धनेशाला गहिवरून आले. इतके दिवस आपण एवढ्याशा भोकासाठी हिंडत होतो आणि साहेबांनी अख्ख्या भिंतीचा विचार केला.

"मंजुरी मिळेल, साहेब?"

"दिलीच म्हणून समजा. जुनी भिंत तुम्ही स्वखुशीने काढायची. ती निघाल्याची खात्री पटली की नव्या भिंतीबाबत वेगळा अर्ज करायचा. मधला काळ थोडा उघडा जाईल, पण हवा खेळती राहते. महाराजांना विचारा. काढण्याआधी फक्त एक स्थळपाहणी."

"कोण करणार?"

"झाडावर चढता येणारा अधिकारी आमच्याकडे एकच आहे."

खडकावर पसरलेली घोरपड उठून बसली. तिने दुभंगलेली जीभ बाहेर काढली आणि आत घेतली.

"पत्ता माहीत आहे मला," ती म्हणाली.

धनेश साहेबांकडे वळला. "साहेब, पण या... म्हणजे यांना अंडी..."

"धनेशराव, व्यक्ती आणि अधिकारी यांत फरक करायला शिका. व्यक्ती म्हणून यांना अंडी आवडतात. अधिकारी म्हणून त्या फक्त नोंद घेतात."

"किती आहेत?" घोरपडीने विचारले. "नोंदीसाठी."

बालमित्रांनो, त्या क्षणात धनेश पुष्कळ काही म्हणू शकला असता. पण कचेरीत खोटे बोलणे त्याला कधी जमले नव्हते.

"तीन," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितले. आधी मंजुरीची बातमी सांगितली, मग स्थळपाहणीची, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

"खरा आकडा सांगितलात?"

"अगं, कचेरीत..."

"कळलं."

आतून नुसता चोच घासल्याचा, थापटल्याचा आवाज येत राहिला. ती चिडून भिंतीवर चोच आपटत असेल, असे धनेशाला वाटले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर घोरपड आली. धनेश समोरच्या फांदीवर बसला होता. त्याला खाली झेप घ्यावीशी वाटत होती, ओरडावेसे वाटत होते. पण शासकीय कामात अडथळा कसा आणायचा? त्याने पायांनी फांदी घट्ट धरून ठेवली.

घोरपड सावकाश वर चढली. ढोलीपाशी आल्यावर तिने भोकाच्या जागी नाक लावले.

भोकाच्या जागी भोक नव्हते. तिथे एक काळपट, खडबडीत गोळा होता. त्यात उंबराच्या बिया होत्या, सालीचा भुसा होता, आणि बाकीचा माल तो होता जो ढोलीत कोंडून घेतलेल्या कोणत्याही पक्षिणीकडे रोजच्या रोज तयार होतो आणि ज्याच्यावर अजून कोणत्याही सरकारने हक्क सांगितलेला नाही. वाळून त्याचा दगड झाला होता. घोरपडीने नख मारून पाहिले. नखच दुखले. डोके लावून ढकलले. गोळा हलला नाही.

मग ती शेजारच्या फटीकडे वळली आणि नोंद घेण्यासाठी तिने फटीत जीभ घातली.

फटीतून चोच बाहेर आली.

घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, असे जुने लोक म्हणतात. ही सुटली. ती बेहड्याच्या तीन फांद्यांवरून आदळत पाचोळ्यात पडली आणि जिभेला काय झाले ते कुणालाही न दाखवता निघून गेली.

धनेश फांदीवर बसूनच राहिला.

"आता तरी चिखल नको ना तुम्हाला?" आतून धनेशीण म्हणाली.

"अगं, तू हे कधी केलंस?"

"तुम्ही कचेरीत होतात तेव्हा."

घोरपडीचा अहवाल त्याच दिवशी गेला : भिंत मजबूत आहे. भोक आढळले नाही. अर्जदाराने दिशाभूल केली आहे.

धनेशाला बोलावणे आले.

"भोक कुठे गेलं?" कोल्हेसाहेबांनी विचारले.

"बुजलं, साहेब."

"कोणत्या क्रियापदाखाली?"

"माझ्या बायकोने लिंपलं."

साळिंदराच्या पाठीवरच्या सगळ्या लेखण्या उभ्या राहिल्या.

"लिंपणे हा शब्द रद्द आहे," साहेब म्हणाले. "जो शब्द नाही, ते काम होऊ शकत नाही. म्हणजे काम झालेलं नाही. म्हणजे भोक आहे."

"पण पाहणी अहवालात भोक नाही," साळिंदर दबकत म्हणाला.

"तोही बरोबर आहे."

भोक आहे हेही खरे आणि नाही हेही खरे, असे ठरल्यावर प्रकरण महाराजांकडे गेले. तोवर वळवाचा पाऊस सुरू झाला होता. सिंह जांभळाखाली भिजत बसला होता. त्याची आयाळ मानेला चिकटली होती. एवढ्याशा मानेवर एवढे मोठे राज्य कसे चालते, असे कुणालाही वाटले असते.

"काम चालू आहे ना?" सिंहाने विचारले.

"आहे, महाराज," कोल्हेसाहेब म्हणाले.

"मग झालं तर," सिंह म्हणाला आणि शिंकला.

त्यानंतर धनेश रोज कचेरीत जाऊ लागला. आपली दिशाभूल करण्याची इच्छा नव्हती, एवढे त्याला कागदावर यायला हवे होते. घराण्याचा प्रश्न होता. जाता-येता तो फळे टाकून जाई. बायको काय म्हणते ते ऐकायला त्याला वेळ नसे, आणि तीही हल्ली फारसे काही म्हणत नसे.

एका दुपारी तो परतला, तेव्हा भिंत फुटलेली होती. ती आतून फोडलेली होती. धनेशीण फांदीवर बसली होती. तिच्या अंगावर नवी पिसे होती. वरच्या फांदीवर दोन पिल्ले पंख झाडून पाहत होती.

धनेशाने त्यांच्याकडे पाहिले. मग ढोलीकडे पाहिले. मग पुन्हा पिल्लांकडे.

"दोन?" तो म्हणाला.

"कडेचं गार पडलं होतं," धनेशीण म्हणाली. "पहिल्या दिवशीच. मी सांगितलं होतं."

वारा आला. ढोलीतली जुनी पिसे उडून खाली गेली. पिल्ले ती पाहायला वाकली. त्या दिवशी धनेश विचारी दिसत नव्हता.

"जरा जाऊन येतो," तो शेवटी म्हणाला.

"आता कशाला?"

"अर्ज मागे घ्यायला. आता भिंतच नाही."

कचेरीच्या खिडकीत साळिंदराने त्याचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. त्याने यादी पाहिली, उलटी करूनही पाहिली.

"अर्ज मागे घेण्याचं क्रियापद या सातांत नाही, धनेशराव," तो म्हणाला. "साहेब पुढच्या परिषदेला जातील तेव्हा बघू."

"तोवर?"

"तोवर येत जा."

पुढच्या हंगामात धनेशिणीने नदीपलीकडची एक ढोली निवडली. आत जाताना तिने नवऱ्याकडे चिखल मागितला नाही. फक्त उंबरे मागितली, आणि ती कचेरीच्या वाटेवरची नकोत, असे बजावले.

तात्पर्य : बालमित्रांनो, सर्वांनी या धनेशासारखे वागावे. घराची भिंत घरातले कुणी ना कुणी लिंपतेच. अर्जाचा पाठपुरावा मात्र आपल्यावाचून कोण करणार? सदर अर्ज प्रलंबित आहे.